माणिकचे उरलेले वीस

माणिक धोत्रे वारला आणि त्याचं घर मूळ संख्या राहिलं नाही, म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी भिंत घालायला आला.

त्याच्यासोबत गृहसंख्या कार्यालयाच्या शेळके मॅडम होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलल्या आणि मग नोटीस वाचली. घरात पाच माणसं होती तोवर प्रश्न नव्हता. पाचाला एक आणि पाच सोडून कशानेच भाग जात नाही. आता राहिली चार, आणि चाराला दोनाने भाग जातो. ज्याला भाग जातो त्याचे भाग करायचे. आई आणि आप्पा अलीकडे, सुदर्शन आणि त्याची बहीण वैजू पलीकडे, मध्ये नऊ इंची भिंत.

"भिंतीत एखादं दार ठेवाल ना?" आप्पांनी विचारलं.

"दार ठेवलं तर भाग पूर्ण जात नाही," मॅडम म्हणाल्या.

एवढ्यात सुदर्शन आतून आला आणि त्याने पहिली वीट उचलून गटारात फेकली. सुद्या माणिकच्या पाठचा, सातवीतून शाळा सोडून पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा. तेरा दिवसांत त्याने तिघांशी मारामारी केली होती. त्यातले दोघे तर भेटायला आलेले पाहुणे होते.

"एक वीट गेली," गवंडी म्हणाला. मॅडमनी ती लिहून घेतली.

"भिंत नको असेल तर घर भरून काढता येतं," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचं जे जे होतं ते मागे राहिलेल्यांनी अंगावर घ्यायचं. एक माणूस म्हणजे शंभर. तुमचे पाचशे होते, चारशे राहिलेत. पुन्हा पाचशे झाले की घर पाचाचं. मुदत आठ दिवस."

"म्हणजे घर किती टक्के गेलं?" सुद्याने विचारलं.

"वीस."

"मग चौघं वीस-वीस टक्के घेतो. विषय संपला."

"पंचवीस घ्यावे लागतील."

"का? गेले वीस आणि भरायचे पंचवीस? वरचे पाच तुमच्या साहेबाला का?"

"गेले ते पाचशेतले वीस. भरायचेत ते चारशेवर. भरतीच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे."

"माझ्या दादाने तलाठी भरतीसाठी पाच वर्षं तेच पुस्तक वाचलंय. मला शिकवू नका," सुद्या म्हणाला. त्याने स्वतः ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं.

आठ दिवस चौघं कामाला लागले. माणिक पहाटे उठून मोठ्याने पाठांतर करायचा, ते आईने घेतलं. ती तांदूळ निवडताना नऊची कसोटी म्हणू लागली. चौकात बसून लोकांचे फॉर्म भरून द्यायची त्याची आवड आप्पांनी घेतली. वैजूने त्याचं अक्षर आणि त्याची सबुरी घेतली. सुद्या अभ्यासिकेत दादाच्या खुर्चीवर जाऊन बसू लागला आणि दादासारखा हसू लागला. सहाव्या दिवशी चौघांच्याही चपला लहान झाल्या.

आठव्या दिवशी शेळके मॅडम शिंप्याकडे असते तशी टेप घेऊन आल्या. एकेकाला मोजलं. एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस.

"चारशे ऐंशी. वीस कमी," त्या म्हणाल्या. बाहेर गवंडी विटा भिजवू लागला.

"असं कसं होईल?" आई म्हणाली. "पोराचं काही म्हणून सोडलं नाही. एकेक चांगली गोष्ट निवडून घेतली."

"तेच झालंय. सगळीकडे तेच होतं. गेलेल्याचं लोक फक्त चांगलं घेतात."

"दादात वाईट काही नव्हतंच," सुद्या म्हणाला.

"शंभरात ऐंशी चांगला म्हणजे उत्तम टक्का आहे हो. आमच्या आधीच्या साहेबांचे सदतीस निघाले होते."

"बाई, तोंड सांभाळा!" सुद्याने खुंटीवरचा शर्ट ओढला. "मीच जातो घर सोडून. तीन राहतील. तिनाला जातो का भाग?"

"नाही जात," मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या.

आईने त्याला बखोटीला धरून खाली बसवलं. "एक गेला तेवढा बास झाला," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. "खोटं बोलायचा तो. अभ्यासिकेत जातो म्हणून सांगायचा आणि नदीवर पोहायला जायचा. त्याचं खोटं बोलणं मी घेते."

टेप लागली. एकशे पंचवीस.

"दुधावरची साय खाऊन मांजराचं नाव सांगायचा," आप्पा म्हणाले. "आपल्याकडे मांजर नाही. ते माझ्याकडे लिहा."

"रुसायचा," वैजू म्हणाली. "दोन-दोन दिवस बोलायचा नाही. मी घेते." आणि ती लगेच भिंतीकडे तोंड करून बसली.

चारशे पंच्याण्णव झाले. सगळे सुद्याकडे बघू लागले.

"तो..." सुद्या म्हणाला आणि थांबला. "गणित चुकलं तरी मान्य करायचा नाही. मागच्या पानावर उत्तर वेगळं निघालं की म्हणायचा, पुस्तक चुकलंय. पेनाने पुस्तकच दुरुस्त करायचा. शेवटी दवाखान्यातसुद्धा... डॉक्टरला म्हणाला, रिपोर्ट चुकलाय."

आईने पदर तोंडाला लावला.

"घेता का?" मॅडमनी विचारलं.

"घेतो."

त्यांनी टेप त्याच्या डोक्याभोवती गुंडाळली. "मग सांगा. वीस टक्के गेले तर भरायचे किती?"

सुद्याने बाहीला नाक पुसलं.

"वीस."

"पंचवीस."

"वीसच. पुस्तक चुकलंय."

मॅडमनी टेपवरचा आकडा वाचला, वहीत एकशे पंचवीस लिहिले आणि खाली सही केली.

गवंड्याने भिजलेल्या विटा हातगाडीत भरल्या आणि तो शेजारच्या घरी गेला. तिथे सकाळीच बाळ जन्मलं होतं आणि सातांचे आठ झाले होते.