वाघाची वॉरंटी

एका जंगलात एक वाघ होता. वाघ नसता तर ही गोष्ट ऐकायला तुम्ही बसला असता का? नसता. ससा आणि गवत यांची गोष्ट काढली की तुम्ही जांभया देता, हे मला माहीत आहे. म्हणून वाघ.

पण हा वाघ उपाशी होता. म्हातारा नव्हता, आजारी नव्हता. नखं शाबूत, दात शाबूत. तरी उपाशी. कारण त्या जंगलात एक जुनी रीत होती. वाघ ज्याला दिसेल त्याने ओरडायचं. वानरांनी झाडावरून खाकरायचं, मोराने केकाटायचं, सांबराने पाय आपटायचे. आणि सगळ्यांत मोठ्याने भुंकायचं ते भेकराने. भेकर म्हणजे एक लहानसं हरीण. दिसायला गरीब, पण आवाज डोंगरापलीकडे जाईल असा.

एकाने ओरडायचं आणि सगळ्यांनी पळायचं. ओरडणाऱ्याचे आभार मानायला कोणी जात नसे. तेवढा वेळच नसायचा.

त्यामुळे वाघ पाणवठ्यावर पोचेपर्यंत तिथे फक्त पाणी उरलेलं असे. पाण्याने वाघाचं पोट भरत नाही. तुमचं तरी भरतं का?

शेवटी वाघाने लोंबकरसाहेबांना बोलावलं.

लोंबकरसाहेब म्हणजे एक वटवाघूळ. ते बरीच वर्षं शहरात राहून आले होते. मिक्सर, पंखे आणि फ्रिज विकणाऱ्या एका दुकानाच्या पाटीमागे ते उलटे टांगून असत. खाली दुकानदार आणि गिऱ्हाइकं दिवसभर हुज्जत घालत. ती सगळी साहेबांच्या कानांवर पडे, आणि वटवाघळाचे कान तुम्हांला माहीत आहेतच. साहेब जंगलात परतले ते विद्वान होऊनच.

"महाराज," लोंबकर म्हणाले, "तुमची अडचण पंजाची नाही, भरवशाची आहे. गिऱ्हाइकाला तुमचा भरवसा वाटत नाही."

"मी वाघ आहे," वाघ म्हणाला.

"तेच तर म्हणतोय. तुम्ही वॉरंटी द्या."

"ती खातात?"

"छे! ती दिली की मग खाता येतं."

वाघाला हे फारसं कळलं नाही. पण भुकेल्याला सल्ला लवकर पटतो.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. लोंबकरसाहेब उंबराच्या फांदीला लटकून बोलू लागले. "आजपासून पाणवठ्यावर येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला वनराजांची वॉरंटी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या झाल्यावर रानडुकराने विचारलं, "म्हणजे गॅरंटीच ना?"

"आता काय सांगायचं यांना!" वानरांचे पुढारी झुंबरराव मध्येच बोलले. "अरे, एकच ते. कोणी पेरू म्हणतं, कोणी जांब. खायला सारखंच."

लोंबकरसाहेबांनी फक्त फांदी बदलली.

"अट एकच," ते पुढे म्हणाले. "ओरडायचं नाही. वनराज दिसले आणि एकजण जरी ओरडला, तरी साऱ्या जंगलाची वॉरंटी रद्द. फ्रिजचं सील घरी तोडलं की कंपनी हात वर करते, तसं."

फ्रिज कोणीच पाहिला नव्हता. म्हणून सगळ्यांना पटलं.

फक्त सोनकी उठली. सोनकी म्हणजे भेकर. तिच्या पायांत तिचं पाडस घोटाळत होतं, त्याचं नाव बिट्टी. "ओरडायचं नाही, तर मग वाघ आला हे कळायचं कसं?" तिने विचारलं.

"सोनकीबाई, वॉरंटी असल्यावर वाघ आला काय आणि गेला काय!" झुंबरराव म्हणाले. सगळे हसले. सोनकी खाली बसली.

पहिले काही दिवस मजेत गेले. वाघ पाणवठ्यावर येई, काठावर पसरे, आणि पंगतीत वाढणं सुरू व्हायची वाट बघणाऱ्या जावयासारखा सगळ्यांकडे बघे. कोणाला काही करत नसे. वानरं दुपारी बिनघोर झोपू लागली. मोराने केकाटणं सोडून नुसतं नाचायचं ठरवलं. जंगलात इतकी शांतता पसरली की परगावची पाखरं ती बघायला येऊ लागली.

मग एका संध्याकाळी बिट्टी पाणी पीत होती. वाघाने पंजा उचलला आणि खाली ठेवला. बिट्टी उडी मारून आईकडे आली, पण शेपटी तिच्याबरोबर आली नाही.

"चुकून लागला," वाघ म्हणाला आणि त्याने आवंढा गिळला.

सोनकीच्या गळ्यापर्यंत आरोळी आली. तिला अट आठवली. तिने ती आरोळी गिळली, लेकराला पुढे घातलं आणि लोंबकरसाहेबांचं झाड गाठलं.

"साहेब, माझ्या पोरीची शेपटी गेली हो!"

"मॅडम, आधी शांत व्हा. पाण्यात गेली की पाण्याबाहेर? भिजलेल्या मालाला वॉरंटी लागू नाही."

"बाहेर. काठावर."

"मग काळजी नको. दुरुस्त करून देऊ."

"दुरुस्त? अहो, तुम्ही तर गॅरंटी दिली होती!"

लोंबकरसाहेब हसले. उलटं टांगलेल्याचं हसू नक्की कसलं, ते कळत नाही. "इथेच सगळ्यांची गफलत होते, मॅडम. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून देणं. वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणं. तुमची आहे ती वॉरंटी."

"आणि अख्खी पोरच गेली असती तर?"

"तर दुरुस्तीला काही उरलंच नसतं. तक्रार मिटली."

बोलल्याप्रमाणे बिट्टीला शेपटी मिळाली. झुपकेदार होती, खारीची. डिंकाने चिकटवलेली. ती कोणत्या खारीची, हे विचारायला सोनकी गेली, पण ती खार कुठे दिसली नाही.

आता मुलांनो, तुम्हांला वाटेल, जंगल घाबरलं असेल. मुळीच नाही. जंगल चिडलं. वाघावर नव्हे. आपल्याला दोन शब्दांतला फरक माहीत नव्हता, याची त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली की शहाणी मंडळी व्याख्यान ठेवतात.

घुबडाने व्याख्यान दिलं. मैनांनी फरक पाठ केला. बिळाबिळांत तीच चर्चा. जो तो दुसऱ्याला समजावत होता, आणि ज्याला काहीच समजलं नव्हतं तो जास्त समजावत होता. वानरं पूर्वी झाडाच्या शेंड्यावर बसून वाघ कुठे आहे ते बघत. आता तिथेच बसून ती घोषणा देत, "वॉरंटी नको, गॅरंटी द्या!"

"अरे, तो फरक घाला चुलीत!" सोनकी झुंबररावांना म्हणाली. "आपण पुन्हा ओरडायला लागू या. फुकटात व्हायचं सगळं."

"बाई, तुमचं दुःख आम्हांला कळतं," झुंबरराव म्हणाले. "पण जरा काळाप्रमाणे बोला. ओरडणं हा काही मार्ग झाला? वाटाघाटी चालू आहेत."

आणि वाटाघाटींना यश आलं! लोंबकरसाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं. "वनराज गॅरंटी द्यायला राजी आहेत. जे जाईल ते बदलून मिळेल. सशाच्या बदली ससा, सांबराच्या बदली सांबर."

"तो बदलीचा ससा आणणार कुठून?" रानडुकराने विचारलं.

"शेजारच्या बिळातून."

"आणि शेजाऱ्याचं काय?"

"त्यालाही गॅरंटी आहेच की!"

यावर इतक्या टाळ्या झाल्या की रानडुकराला आपण काय विचारलं होतं तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर समारंभ ठरला. सर्वांनी सहकुटुंब यायचं. ओळीत उभं राहायचं. तोंडं पाण्याकडे, पाठी करवंदीच्या जाळीकडे. कोणी मागे बघायचं नाही, शिस्त म्हणून. बिट्टीला मागच्या टोकाला उभं केलं होतं, म्हणजे वनराज आले की त्यांना दुरुस्तीचा नमुना आधी दिसेल.

सगळे तोंडं पाण्याकडे करून उभे राहिले. सोनकी मात्र मागे बघत होती. तिची पोर मागे होती ना.

करवंदीची जाळी हलली. वारा नव्हता. जाळीत काहीतरी पिवळं होतं, आणि त्या पिवळ्याचे दोन डोळे बिट्टीवर होते.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? पण भरल्या समारंभात, सगळं जंगल खूश असताना, एकटीने तोंड उघडून बघा म्हणजे कळेल. ओरडली तर वॉरंटी जाणार होती, हातातोंडाशी आलेली गॅरंटीही जाणार होती, आणि तीही सगळ्यांची. नाही ओरडली तर जाणार होती फक्त बिट्टी.

सोनकी भुंकली. जन्मात भुंकली नव्हती एवढ्या मोठ्याने भुंकली.

आणि सगळे पळाले! ससे पळाले, सांबरं पळाली, घोषणा देणारी वानरं सगळ्यांच्या आधी झाडावर पोचली. डोक्यात व्याख्यानं होती, पण पायांना अजून जुनी रीतच माहीत होती. वाघाने झेप घेतली ती थेट चिखलात. बिट्टी तोवर आईच्या पुढे दोन टेकड्या गेली होती.

दुपारी सभा भरली. मोजणी झाली. एकही कमी नव्हता. त्यामुळे सगळे फारच संतापले होते.

"गेली ना गॅरंटी!" ससा म्हणाला. "मिळाली असती तर ती कशी लागू होते ते तरी बघायला मिळालं असतं."

"वनराजांनी झेप घेतली हे मला मान्य आहे," झुंबरराव म्हणाले. "पण ते गॅरंटी द्यायलाच झेपावले नसतील कशावरून?"

"सील तुटलं," लोंबकरसाहेब वरून म्हणाले. "माझा नाइलाज आहे."

सोनकी उभी राहिली. तिचा आवाज बसला होता. "तुम्ही मला बदलून काय दिलं असतं? दुसरीचं लेकरू? मी त्याला जवळ घेतलं असतं तर ते कुणाच्या नावाने रडलं असतं? आणि ती दुसरी कुणाचं लेकरू ओढून आणायला गेली असती? माझी बिट्टी म्हणजे काय मिक्सर आहे?"

हरिणींनी डोळे पुसले. रानडुकराचंही नाक वाजलं. झुंबररावांना हुंदका आवरेना. मग सोनकीला जंगलाबाहेर काढण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

सोनकी लेकराला घेऊन ओढ्यापलीकडच्या डोंगरावर राहायला गेली. तिथून पाणवठा स्पष्ट दिसतो. वाघ निघाला की ती तिथून भुंकते. खोड आहे, जात नाही.

जंगलाला तिचं हे भुंकणं मान्य नाही. ते अनधिकृत आहे, त्याने जंगलाचं नाव खराब होतं, पुढच्या वाटाघाटींत अडथळा येतो, असं सगळ्यांचं स्पष्ट मत आहे. म्हणून ती भुंकली की सगळे एका आवाजात "निषेध! निषेध!" असं ओरडतात आणि जीव घेऊन पळत सुटतात. दूर, सुरक्षित जागी पोचल्यावर निषेधाची रीतसर सभा भरते. त्या सभेला आजवर एकही सभासद कमी पडलेला नाही.

तात्पर्य : जीव काय, आज ना उद्या जायचाच असतो. वॉरंटी मात्र मुदतीच्या आत घालवू नये.