शीआयडी चंद्राकाकी

चंद्राकाकी कुणाच्याही घरी पुढच्या दाराने गेल्याचं मला आठवत नाही. ती थेट मागीलदारी उगवायची. "गो बाये, वायच पाणी दी," म्हणायची आणि पाणी पिऊन होईतो त्या घराची कुंडली हिच्या डोक्यात तयार!

मालवणजवळच्या आमच्या वाडीत त्या काळी मुलीला स्थळ आलं की पत्रिकेआधी काकीला धाडत. सगळे तिला 'शीआयडी' म्हणत. एरवी हा शब्द आमच्याकडे शिवीसारखाच. कुणी कुंपणावरून डोकावला की "इलो मोटो शीआयडी!" म्हणून त्याची बिनपाण्याने होते. काकीच्या बाबतीत मात्र तोच शब्द लोक आवाज खाली आणून, अदबीने उच्चारत.

"काकी, सीआयडी सरकारी असतात," मी एकदा तिला डिवचलं.

"ते पगारी. मी प्रायवेट," ती म्हणाली. "आनि मास्तर, इचारता तो भोचक. बगता तो शीआयडी."

खारेपाटणच्या एका स्थळाचं घर चौसोपी, दारात स्कूटर. मुलीचा बाप हरखून गेला होता. काकी पाणी पिऊन परत आली आणि म्हणाली, "नुको. थोरली सून पाणी घेवन इली, तर आदी सासूच्या तोंडाकडे बगल्यान." बापाने मुकाट्याने नकार कळवला. मी तर थक्कच झालो.

एके दिवशी ती मलाच म्हणाली, "मास्तर, इन्सुलीक येतास काय?" कुणासाठी, ते सांगेना. तिथे नाक्याजवळ सायकली दुरुस्त करणाऱ्या एका बिजवराचं घर होतं. आम्ही अर्थातच मागीलदारी. आत तो आपल्या म्हाताऱ्या आईच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढून देत होता. काकी पाणी मागायचंही विसरली.

"चला, झाला," ती म्हणाली. एसटीत बसल्यावर हळूच बोलली, "आमच्या शालूसाठी."

शालू म्हणजे तिची सून. काकीचा एकुलता एक मुलगा होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. घरात उरल्या होत्या या दोघीच.

"आणि तुझं काय, काकी?" मी विचारलं.

"माज्याखातीर तिणा जल्म कित्याक काढूचो?" म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

वाडीत कुजबूज झाली, भावकीने तोंड फिरवलं. काकी ढिम्म. मग इन्सुलीहून त्या बिजवराचे मामा आले. माणूस मिश्कील होता. चहा घेता घेता म्हणाले, "सासू म्हणान नुको, शीआयडी म्हणान सांगा. तुमचा ह्या चेडू, शालू, कसा आसा?"

मी तिथेच होतो. काकीच्या शब्दावर आजवर किती लग्नं मोडली होती! आता एक वाकडा शब्द, आणि शालू जन्मभर तिच्याजवळच राहिली असती. शालू दाराआड उभी होती.

काकीने चहाचा कप खाली ठेवला.

"हाताक चव आसा. कामाक वाघीण. खोटा बोलना नाय," ती म्हणाली. मग दाराकडे बघत पुढे म्हणाली, "एकच खोड आसा. माका आये म्हणता. ती मोडूक जावा नुकात."