मनोहरकाकांच्या हरकती

मनोहरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी विजेचं मीटर बघतात, मग माणूस. पस्तीस वर्षं त्यांनी मीटरचं रीडिंग घ्यायची नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची मान आपोआप जिन्याखाली वळते. समितीत माझी ओळखही त्यांनी अशीच करून दिली, "ही जिन्याखालचं मीटर. मागं पाल असते."

समिती म्हणजे आमच्या भागातलं सरकारी प्रसूतिगृह वाचवण्यासाठी काढलेली. ते बंद करून शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं, असं वरच्यांनी ठरवलं आणि ठरवून झाल्यावर नागरिकांकडून हरकती मागवल्या. पाहुणा जेवून उठल्यावर भाजी कुठली करू विचारावं, तसं. मी संतापून पत्रक लिहिलं. 'जनतेच्या आरोग्यावर दरोडा' हा त्यातला सौम्य भाग. तोच मजकूर अर्ज म्हणून छापला, खाली सहीपुरती जागा ठेवली आणि हजारभर प्रती काढल्या.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला आणि म्हणाले, "हे सरासरी बिल झालं."

काकांच्या जगात याहून मोठी शिवी नाही. रीडिंग घेणारा घरापर्यंत जातच नाही, ऑफिसात बसून आकडा ठोकून देतो, ते सरासरी बिल. पुढाऱ्यांची भाषणं सरासरी, पेपरातले अग्रलेख सरासरी, आणि आता मी. म्हातारा चळवळीत खोडा घालतोय, असं मी चारचौघांत बोलले. काकांनी ते ऐकलं, कोऱ्या कागदांची थप्पी उचलली आणि चालू लागले.

अर्ज द्यायला गेल्यावर कारकुनाने सांगितलं, मजकूर एकच असेल तर हरकत एकच धरतात. म्हणजे हजार माणसं मिळून एक माणूस. मी लोकशाहीवर बरंच बोलले. तो शिक्के मारत राहिला.

तोवर काका दारोदार हिंडत होते. एकेकाला हरकत विचारायची आणि तो बोलेल तसं उतरवून घ्यायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. सुनावणीच्या दिवशी त्यांनी तो गठ्ठा साहेबांपुढे ठेवला आणि सगळा मोठ्याने वाचायला लावला. मखमलाबादकडच्या मळ्यातल्या सखूबाईंनी सांगितलं होतं, "पहाटं आमची गाडी कोथमीर घेऊन मार्केटला जाती. त्या टायमाला सून अडली, तर तिला काय जुड्यांवर बसवून पाठवू?" पंचवटीतल्या एका गुरुजींच्या बायकोचं म्हणणं, सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा सोडत नाहीत, मग बाळाला काय सांगू, पर्वणी उरकू दे? साहेब हसले. दहाबारा कागद झाल्यावर हसायचे थांबले. शेवटी त्यांनी निर्णय पुढे ढकलला आणि दुसरी सुनावणी लावली. आमच्या चळवळीत याला विजय म्हणतात. पेढेही वाटले.

आठवड्याने मी मळ्याकडे गेले, तर काका सखूबाईंच्या ओट्यावर. मांडीवर कागद, हातात चहा, आणि सखूबाई सुनेच्या तिसऱ्या महिन्यापासूनची हकिगत सांगतायत. त्या कपबशी ठेवायला आत गेल्या तेव्हा मी नेहमीच्या तोंडाने विचारलं, हरकतींची मुदत संपली, आता हे कशाला लिहिताय?

"माहितीये," काका म्हणाले. बराच वेळ कागदांच्या कडा जुळवत बसले. "पस्तीस वर्षं या दारांत आलो गं. मीटर बाहेर, मी बाहेर. रीडिंग झालं की पुढचं घर. हरकत विचारली की लोक बसा म्हणतात."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"दुसऱ्या सुनावणीला याच हरकती चालतील ना?" त्यांनी कागदांवरची नजर न काढता विचारलं.

मी म्हटलं, छे, काका. सगळ्या नव्याने घ्याव्या लागतील, घरोघर जाऊन, प्रत्येकासमोर बसून. नियमच आहे तसा.

असा कुठलाही नियम नाही.