अण्णांची कात्री

मल्हार अमेरिकेला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरमालकांना, म्हणजे पुरुषोत्तमअण्णांना देऊन गेला. सोबत मराठी मंडळाच्या ईमेल ग्रुपची जबाबदारीही गळ्यात घालून गेला.

"अण्णा, काही अवघड नाही. प्रत्येकाची मेल आधी तुमच्याकडे येईल. ठीक असली तर हे बटन, की ती सगळ्यांना जाते. वाईटसाईट असली तर ते बटन, की ती कुणालाच जात नाही."

"सरी, कळलं," अण्णा म्हणाले. "पोचे आलेलं भांडं परत पाठवायचं, तसंच ना?"

हे अठ्ठ्याण्णव सालचं. अण्णांचं राजाजीनगरात भांड्यांचं दुकान. आजोबा साताऱ्याहून बंगळूरला आले तेव्हापासून घराणं इथलंच; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मंडळाचे सेक्रेटरी तेच. हे मंडळ पूर्वी एकदा फुटलं होतं, तेही जेवणाच्या पाटीवर 'पुरणपोळी' लिहायचं की कानडीतलं 'होळिगे' यावरून. आता कुठे इलेक्ट्रॉनिक सिटीतली पुण्या-नागपूरची मुलं यायला लागली होती. ती टिकावीत, एवढीच अण्णांची इच्छा.

मल्हारच्या 'व्हिसा मिळाला, निघालो' या मेलवर आधी अभिनंदनं आली. मग नागपूरच्या अद्वैतने तोंड उघडलं. त्या वर्षीचा कोटा संपल्यामुळे त्याचा व्हिसा लटकला होता. 'अमेरिकेला आमचं काम चालतं, आम्ही चालत नाही. हा शुद्ध अन्याय आहे.'

त्यावर पुण्याच्या आसावरीने लिहिलं, 'घर त्यांचं, दार त्यांचं. कुणाला आत घ्यायचं ते तेच ठरवणार. दारात उभं राहून रडायचं कशाला?'

दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, त्यामुळे भांडायला संकोच नव्हता. दोन दिवसांनी अद्वैतने लिहिलं, 'तुमच्या डोक्यात बटाटे भरलेत.' अण्णांनी 'ते' बटन दाबलं. संध्याकाळी फोन वाजला.

"अण्णा, माझी मेल ग्रुपवर कुणालाच आली नाही. कुठाय?"

"लाइनचा स्वल्प प्रॉब्लेम आहे बघ."

"लाइन-बिइन काही नाही. अडवली तुम्ही! तिची कालची मेल बरी आली? पार्शालिटी चालणार असेल तर आम्ही नागपूरचे सगळे मंडळ सोडतो."

अण्णांना 'होळिगे' आठवलं. अडवता येत नाही, सोडता येत नाही. शेवटी त्यांनी दुकानातला धडा गिरवला. गिऱ्हाईक म्हणे, "हा काय भंगार माल!" अण्णा आत नोकराला सांगत, "साहेबांना जरा भारीतला दाखव." कुणाचं काही बिघडत नसे. त्यांनी बटाट्यांवर कात्री चालवली आणि लिहिलं, 'तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे.' मग हलकेच पहिलं बटन दाबलं.

लिहिणाऱ्याला स्वतःची मेल परत जात नसे, अशी व्यवस्था मल्हारनेच करून ठेवली होती. उत्तराखाली चिकटून येणारा जुना मजकूर अण्णा छाटून टाकत. त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

कामाला मात्र अंत राहिला नाही. अद्वैतच्या 'विहिरीतली बेडकी'चं त्यांनी 'आपण विषयाच्या तळाशी गेला आहात' केलं. आसावरीच्या 'व्हिसाचा भिकारी'चं 'आपली तळमळ समजते' झालं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई वैतागल्या.

"अहो, फोन तासन् तास अडकलेला असतो. माझ्या बहिणीला वाटलं, आपण दोघं गेलो!"

"मंडळ वाचवतोय."

"दुकान कोण वाचवणार?"

एक दिवस आसावरीने लिहिलं, 'इथल्या जुन्या मराठी लोकांनाही कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. आले, राहिले. आता मराठी विसरलेत आणि कानडीही धड येत नाही.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. बोटं शिवशिवली. पण न्यायाधीशाने वकिली करायची नसते. त्यांनी दोन पेले पाणी प्यायलं आणि टाइप केलं, 'इथल्या जुन्या मंडळींकडून आपल्याला पुष्कळ शिकण्यासारखं आहे.' हे वाक्य लिहिताना त्यांना जितका त्रास झाला, तितका बटाट्यांच्या वेळीही झाला नव्हता.

मंडळात दोघांचं कौतुक सुरू झालं. 'वाद घालावा तर असा,' लोक म्हणू लागले. कमिटीने ठरवलं, कोजागिरीच्या कार्यक्रमात परिसंवाद ठेवू या: 'परदेशात कुणी जावं, कुणी ठरवावं?' वक्ते अद्वैत आणि आसावरी. अध्यक्ष अर्थातच पुरुषोत्तमअण्णा.

अण्णांचं जेवण गेलं. तोंडातून निघालेल्या शब्दाला कात्री कशी लावायची?

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. अद्वैत उभा राहिला. अण्णांनी डोळे मिटले.

"आसावरी मॅडम," अद्वैत म्हणाला, "मी तुम्हाला काय काय बोललो. डोक्यात बटाटे म्हणालो, विहिरीतली बेडकी म्हणालो. तुम्ही एकदाही आवाज चढवला नाही. मलाच लाज वाटली. दार त्यांचं आहे, तेच ठरवतील. तुमचं पटलं मला."

आसावरी ताडकन उठली. "बेडकी? मला? कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"तुम्ही तर लिहिलं होतं, मी विषयाच्या तळाशी गेलेय!"

"मी? आणि तुम्ही?"

"मी तुम्हाला भिकारी म्हटलं होतं!"

"मला तर तुमच्याकडून तळमळ आली!"

दोघांनी एकदमच अध्यक्षांकडे मान वळवली.

अण्णा उठले, माइक हातात घेतला. "चुकलं माझं. मंडळ फुटू नये म्हणून केलं." इथे ते बसले असते तर सगळं निभावलं असतं. पण इतके महिने दाबलेलं आत खदखदत होतं, आणि माइक चालू होता.

"पण आता उभाच आहे तर ऐका! माझे आजोबा दोन पातेली घेऊन या गावात आले. त्यांना कुणी कागद विचारला नाही. शेजारच्या सुब्बारावांच्या आजोबांनी ओसरी दिली, म्हणून आम्ही आहोत. आणि तू, आसावरी, आम्ही मराठी विसरलो म्हणतेस? तुझ्या पुण्याच्या मराठीत इंग्लिश किती, ते मोज एकदा! आणि अद्वैत, अमेरिकेने दार लावलं की अन्याय! परवा दुकानात कोण म्हणत होतं, बंगळुरात फार गर्दी झालीय, नवीन लोक येणं बंद केलं पाहिजे? तुला येऊन वर्ष तरी झालं का रे?"

मसाला दूध थंड झालं, त्यावर साय धरली, तरी अण्णा थांबेनात. शेवटी सरस्वतीबाई स्टेजवर आल्या आणि माइक बंद केला. अण्णा विनामाइक बोलत राहिले. शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.

मंडळ फुटलं नाही. इतकी करमणूक पूर्वी कधी झाली नव्हती, असंच सगळ्यांचं मत पडलं. कमिटीने ग्रुपची देखरेख अद्वैत आणि आसावरी या दोघांकडे मिळून सोपवली. अण्णा साधे सभासद झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी आपली पहिली मेल लिहिली.

रविवारी सकाळी दोघं घरी आले. आसावरीच्या हातात छापलेला कागद होता.

"अण्णा, तुमची मेल," ती चाचरत म्हणाली. "मुद्दे बरोबर आहेत. पण ते 'मेंदूला कल्हई करून घ्या' वगैरे..."

"लोक नाराज होतील हो," अद्वैत म्हणाला. "आम्ही जरा सौम्य करू का?"

अण्णांनी कागद हिसकावून घेतला.

"एक काना-मात्रा जरी हलवलात," ते गरजले, "तर मी मंडळ सोडीन!"