लोण्याचे दात

मीटरवाल्यांना शनिवारी सकाळी सव्वासात वाजता, त्यांच्याच घरात, त्यांच्याच गॅलरीत ससा चावला.

बावीस वर्षं ते लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत फिरत होते. जिन्याखालचे अंधारे कोपरे, मागची अंगणं, 'कुत्र्यापासून सावध' अशा पाट्या लावलेली फाटकं, सगळं त्यांनी पालथं घातलं होतं. पण त्यांच्या पोटरीला दात लावायची एकाही कुत्र्याची टाप झाली नव्हती. नव्याने कामाला लागलेल्यांना साहेब त्यांच्याकडे पाठवत. "कुत्र्यांचं काय ते यांना विचारा," असं सांगत. अशा माणसाला चावावं कुणी, तर लोण्याने! लोणी म्हणजे सात महिन्यांचा पांढरा ससा. आणला तेव्हा तो ओंजळीत मावत होता, बोट लावलं तर वितळेल असा वाटत होता, म्हणून बबडीने, म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीने, त्याचं हे नाव ठेवलं होतं.

"काही नाही, जरा दात लागला," नळाखाली अंगठा धरत मीटरवाले म्हणाले.

"आधी गुरगुरला ना?" बायकोने विचारलं.

"ससा कधी गुरगुरतो का? काहीतरीच तुझं."

खरं म्हणजे लोणी चांगला दणक्यात गुरगुरला होता. पण सशाच्या गुरगुरण्याला आपण घाबरलो, हे बायकोसमोर कबूल करण्यापेक्षा अंगठा गेलेला परवडला.

दुसऱ्या दिवशी बबडीने पिंजऱ्यातली पाण्याची वाटी उचलायला हात घातला, तेव्हा मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. मनगटावर दोन लालभडक खुणा उठल्या. पोरगी रडली नाही. नुसतीच बापाकडे बघत म्हणाली, "बाबा, मी त्याला आवडत नाही का?"

मीटरवाल्यांनी तिचं मनगट नळाखाली धरलं. त्यांना उत्तरच सुचेना. बायकोला मात्र सुचलं.

"महिनाअखेरपर्यंत काय ते करा. नाहीतर रोपवाटिकावाल्याला देऊन टाकू. त्याच्याकडे चार ससे आहेतच, पाचवा खपून जाईल. पोरीचा हात आहे, तुमचा मीटर नाही!"

"महिना कशाला? आठवड्यात सरळ करतो. बावीस वर्षं काय गवत उपटलंय मी?"

त्या संध्याकाळपासून मीटरवाले कामाला लागले. कुत्र्याच्या बाबतीत त्यांचा नियम ठरलेला होता. नजरेला नजर द्यायची नाही, अंग तिरकं ठेवायचं, मूठ मिटून नाकासमोर धरायची, त्याला वास घेऊ द्यायचा. त्यांनी तिरकं होऊन मूठ नेमकी लोण्याच्या नाकासमोर धरली. लोणी मागच्या पायांवर उभा राहिला, पुढच्या पंजांनी त्याने दोन ठोसे लगावले आणि मग सावकाश, जागा निवडून, मुठीला चावला.

दुसरा नियम असा होता, की कुत्रं अंगावर आलं तर पाय आपटून "हट्!" म्हणायचं. मीटरवाल्यांनी पाय आपटला. लोण्याने मागचा पाय आपटला. मीटरवाल्यांनी जोरात आपटला. लोण्याने त्याहून जोरात आपटला. एवढ्याशा जिवाच्या पायात एवढा दणका कुठून येत होता देव जाणे. पाचव्या-सहाव्या फेरीला दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका उभे होते.

"वर काय कांडताय का हो? माझ्या पंख्याची वाटी हलतेय!"

"ससा आहे, काका."

"ससा?" काकांनी मीटरवाल्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "किती किलोचा?"

गुरुवारपर्यंत मीटरवाल्यांच्या दोन्ही हातांना मिळून पाच पट्ट्या लागल्या. ऑफिसात कुणीतरी विचारलं, "शेवटी कुत्रं भेटलं वाटतं!" तेव्हा त्यांनी मुकाट्याने 'हो' म्हटलं. बावीस वर्षांचं नाव एका 'हो'मध्ये धुळीला मिळालं, पण निदान कुत्र्याच्या हातून मिळालं.

शेवटी लोण्याला घेऊन ते प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्याचे दात पाहिले, पोट चाचपलं, पाय पाहिले. कुठे दुखत-खुपत नव्हतं.

"वयात आलाय," त्या म्हणाल्या. "छोटं ऑपरेशन करून टाकू. तीन-चार आठवड्यांत जोर उतरेल. पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही. तुम्ही हात कसा घालता?"

"पिंजऱ्याला वरून झाकण आहे. वरून घालतो आणि मूठ मिटून त्याच्या नाकासमोर धरतो."

"म्हणजे घार झडप घालते तसा. आणि नाकासमोर मूठ कुणी धरायला सांगितली? सशाला अगदी नाकापुढचं दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तुमची मूठ आकाशातून पडली."

"आणि पाय आपटतो ते?"

"घाबरतो म्हणून. धोका आहे, पळा, असं सांगतो."

"कुणाला?"

"तुम्हालाच असेल. घरात दुसरा ससा आहे का?"

मीटरवाले वरमले. म्हणजे इतके दिवस तो बिचारा आपल्याला सावध करत होता आणि आपण त्याच्याशी शर्यत लावत होतो!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पिंजरा हे त्याचं घर आहे, तो बाहेर असतानाच झाडायचं. पिंजऱ्याला बाजूने दार करायचं. आणि रोज तासभर जमिनीवर निवांत पडून राहायचं, त्याला हात न लावता. त्याचा तो जवळ येईल.

"किती दिवस?"

"ते तो ठरवेल."

ऑपरेशन झालं, जखम भरली, पिंजऱ्याला बाजूने दार बसलं आणि मीटरवाले आडवे झाले. कामावरून आले, की पाय धुवायचे, गॅलरीत चटई टाकायची आणि पालथं पडायचं. नुसतं गप्प कसं पडणार, म्हणून ते हळू आवाजात दिवसभराचे आकडे म्हणत. "चार हजार दोनशे सोळा... नऊ हजार तीनशे दोन..." लोणी लांब कोपऱ्यात बसून ऐकत असे. चौथ्या दिवशी त्याने त्यांच्या टाचेचा वास घेतला. सहाव्या दिवशी तो त्यांच्या पोटरीवरून उडी मारून गेला. मीटरवाल्यांनी श्वास रोखून धरला आणि आकडे चुकवले.

सातव्या दिवशी काका पुन्हा आले. आवाज का येत नाही, याची त्यांना काळजी वाटली होती. दार उघडंच होतं. गॅलरीत मीटरवाले पालथे पडून "आठ हजार... शून्य... शून्य..." असं पुटपुटत होते. काकांनी बोंब मारली, तांब्याभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि त्यांना खांद्याला धरून उताणं केलं. लोणी जो पिंजऱ्यात घुसला, तो दोन दिवस बाहेर आला नाही.

"अहो, राहू द्या आता," भिजलेली चटई वाळत घालताना बायको म्हणाली. "ऑफिसचा माणूस रोज पालथा पडलेला बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पोरीने मला एक प्रश्न विचारलाय. उत्तर दिल्याशिवाय उठायचा नाही मी."

तिसऱ्या आठवड्यात बबडी दाराआडून बघू लागली. मग उंबऱ्यावर बसू लागली. मग एक दिवस बापाशेजारी येऊन आडवी झाली. हात मात्र तिने पोटाखाली लपवले होते. लोणी आला, त्याने तिच्या वेणीचा वास घेतला आणि आपली हनुवटी तिच्या कोपरावर घासली. पोरीने बापाकडे असं पाहिलं, की मीटरवाल्यांना आकडे नव्याने सुरू करावे लागले.

महिन्याची शेवटची तारीख उजाडली. संध्याकाळी बबडीने पहिल्यांदाच हात बाहेर काढला आणि बाजूने, हळूच, लोण्याच्या कपाळावरून फिरवला. लोणी हलला नाही. त्याच्या दातांचा बारीक कुरकुर आवाज येऊ लागला.

"दात खातोय. सावध राहा," मीटरवाले कुजबुजले.

एवढ्यात लोण्याचे डोळे अर्धवट मिटले, मान कलली आणि तो धाडकन एका कुशीवर कोसळला. पाय लांब झाले. हालचाल बंद.

"बाबा!" बबडी किंचाळली.

मीटरवाल्यांनी जन्मात शेकडो कुत्री पाहिली होती. असं पाय ताणून पडलेलं जनावर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वरून झडप घालून दोन्ही हातांनी लोण्याला उचललं, टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले. बायको अनवाणीच स्कूटरवर मागे बसली, मध्ये बबडी. पिशवी हूं की चूं करत नव्हती.

"वाचवा हो," दवाखान्यात शिरता शिरता ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "वाटेल ते करा, पण वाचवा."

डॉक्टरीणबाईंनी टॉवेल उलगडला. आतून लोणी कान मागे टाकून ताडकन उठला, गुरगुरला आणि मीटरवाल्यांच्या अंगठ्याला कडकडून चावला.

"पडण्याआधी काय करत होता?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"दात खात होता. ही कपाळावरून हात फिरवत होती."

"खूश होता म्हणून दात वाजवत होता. अहो, तो मेला नव्हता, लोळला होता! कसली म्हणून भीती उरली नाही, की ससा असं अंग टाकून देतो. किती लोकांचे ससे जन्मभर लोळत नाहीत." बाईंनी अंगठ्यासाठी पट्टी काढली. "मग तुम्ही काय केलंत?"

मीटरवाल्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "वरून उचललं."

"हं. म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून."

सगळे घरी आले. लोणी पिंजऱ्यात गेला आणि पाठ फिरवून बसला. मीटरवाले चटईवर मटकन बसले. महिना संपला होता आणि शब्द दिला होता. आता बायको काय म्हणणार ते त्यांना कळून चुकलं होतं.

बबडी मात्र हसत होती. "बाबा, मी हात लावला म्हणून लोळला ना तो?"

"हो गं बाळा. तुझ्यामुळेच."

बायकोने पदर खोचला, गॅलरीचा दिवा लावला आणि चटईच्या कडेला पालथी पडली.

"सरका जरा तिकडे."

"अगं, पण महिनाअखेर..."

"महिनाअखेर म्हटलं होतं मी. कुठला महिना ते सांगितलं होतं का? आणि आकडे मी म्हणणार. तुम्ही फार घाईने म्हणता."