करमअलींचं चौथं चलान

करमअलींनी स्कूटर समाजमंदिराच्या पायरीला भिडवली आणि मागे बसलेल्या बायकोला तिथंच सोडून ते तरातरा आत शिरले. सत्तरीला आलेला माणूस, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण एवढ्या लगबगीनं ते दवाखान्यातही कधी गेले नव्हते.

"पोरी," टेबलावर दोन्ही हात टेकून ते म्हणाले, "एक मेसेज दोहाला जायच्या आत अडवायचाय. कायद्यात कायतरी असंलच ना?"

टेबलामागे हेमांगी होती. थेरोंड्याच्या कोळीवाड्यातली, बी. कॉम. झालेली आणि आठवडाभराचं ट्रेनिंग घेऊन आलेली पॅरालीगल, म्हणजे विधी स्वयंसेविका. दर मंगळवारी दहा ते एक ती चौलच्या या समाजमंदिरात बसायची आणि चलान, नोटिसा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे छोटे दावे यांत लोकांना मदत करायची. म्हणजे करणार होती. तीन महिन्यांत तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. कारण उघड होतं. बाहेरच्या पाटीवर ‘मोफत’ लिहिलं होतं. जो फी घेत नाही त्याला काही येत नसणार, यावर अख्ख्या गावाचं एकमत होतं, आणि या गावाचं दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही. गाव तिला कौतुकानं ‘अर्धी वकील’ म्हणायचं.

त्यामुळे पहिलंवहिलं गिऱ्हाईक बघून हेमांगीला भरून आलं. तिनं कोरा फॉर्म पुढे ओढला.

"बसा चाचा. नाव सांगा."

"नाव काय सांगू? तू मना ओळखत न्हाय?"

"ओळखते. पण फॉर्म ओळखत न्हाय ना."

तर प्रकरण असं होतं. स्कूटर चालवायचे करमअली, पण ती होती त्यांच्या मुलाच्या, जिब्रानच्या नावावर. जिब्रान अकरा वर्षं कतारला, दोहात एका गोदामाचा स्टोअरकीपर आहे. मागच्या रजेत त्यानं ही स्कूटर घेतली आणि कागदावर स्वतःचा इथला नंबर दिला. हा नंबर तो तिकडेही चालू ठेवतो, कारण बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात. झालं! बापानं चौलात नियम मोडला की दोहात मुलाच्या खिशातला फोन वाजायला लागला. एवढी तत्पर सरकारी सेवा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली, आणि तीही नको तिथं.

त्यात गेल्या वर्षी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पंधराव्याच दिवशी, करमअलींनी स्कूटर थेट सुपारीच्या वाडीत घातली. सुपारीच्या दोन झाडांना काही झालं नाही, करमअलींनाही झालं नाही, पण जिब्राननं तिकडून फर्मान काढलं. गाडी फक्त घर ते मशीद आणि मशीद ते घर. मशीद घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. करमअलींनी फर्मान मान्य केलं आणि मशिदीला जाताना ते रेवदंड्याच्या बंदरावरून जाऊ लागले. मागे महेरुन्निसाबी असायच्याच, कारण नवऱ्यानं आणलेल्या मासळीवर त्यांचा लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून विश्वास नव्हता.

मध्ये नाका लागतो. नाक्यावर हवालदार गणराज फोटो काढणारं चलानाचं मशीन घेऊन उभा असतो. पहिलं चलान आलं, विनाहेल्मेट. जिब्रानचा फोन आला. करमअली म्हणाले, मशीन खराब हाय. दुसरं आलं तेव्हा म्हणाले, तो मी न्हवंच, माझ्यासारखा दिसणारा कोणीतरी हाय. "मग त्याच्या मागं अम्मी कशी बसलीय?" जिब्राननं विचारलं. यावर महेरुन्निसाबींनाही खुलासा हवा होता, तो आठवडाभर चालला. तिसऱ्या चलानानंतर जिब्राननं एकच वाक्य उच्चारलं, "चौथं आलं की गाडी उझैरला."

उझैर म्हणजे करमअलींचा पुतण्या. बाजारात मोबाईलचं दुकान आहे. तो त्या दिवसापासून चाचांची तब्येत विचारायला येऊ लागला आणि जाताना स्कूटरचे टायर दाबून बघू लागला.

आणि आज चौथं झालं.

"पण मेसेज अजून गेला न्हाय," करमअली म्हणाले. "नाक्यावर रेंज न्हवती. गणराज बोलला, एक वाजता जेवायला बाजारात गेलो की आपोआप जाईल. आत्ता वाजले साडेअकरा."

एवढ्यात महेरुन्निसाबी मासळीची पिशवी सांभाळत आत आल्या.

"सांगितलंत का हिला? गो पोरी, गाडी गेली तर मी बंदरावर कशी जाणार? रिक्षावाला मासळी घेत न्हाय, वास येतो बोलतो. आणि हे दिवसभर घरात बसले तर गाडीच्या आधी मीच दोहाला जाईन!"

हेमांगीनं ट्रेनिंग आठवलं. "चाचा, चलानाविरुद्ध ऑनलाइन तक्रार करता येते. हेल्मेट होतं का?"

"व्हतं ना!"

"डोक्यावर?"

"डिकीत."

"मग लोकअदालत. पुढच्या महिन्यात हाय."

"मेसेज एक वाजता हाय, पोरी."

हेमांगीनं पेन चावलं. मग तिला एकदम सुचलं. "गाडीला लावलेला मोबाईल नंबरच बदलला तर? तुमचा टाकू. पुढचे सगळे मेसेज तुम्हाला!"

करमअली खुर्चीत मागे रेलले. गावानं या मुलीला अर्धी का म्हणावं, ते त्यांना कळेना. हेमांगीनं लॅपटॉप उघडला, गाडीचा नंबर भरला, इंजिनाचा भरला, चाचांचा भरला आणि मोठ्या झोकात शेवटचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली. मालकाच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवण्यात आला आहे.

मालक दोहात होता. मोबाईल त्याच्या खिशात होता. म्हणजे जिब्रानला मेसेज जाऊ नये म्हणून आधी जिब्रानलाच मेसेज गेला होता. सरकारनं हा विचार फार बारकाईनं केलेला दिसत होता.

"त्याला खरं काय ते सांगा चाचा," हेमांगी म्हणाली. "मालकाची परवानगी पायजेच."

"खरं सांगायचं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?" म्हणत करमअलींनी फोन लावला. कानाला कमी येतं म्हणून तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"सलाम वालेकुम बेटा. जेवलास?"

"वालेकुम सलाम. अब्बा, इथं सकाळचे नऊ वाजलेत."

"मग नाश्ता कर. बरं, तुझ्या फोनवर एक नंबर आलाय का? सहा आकडी?"

"कशाचा नंबर?"

"गॅसचा."

"गॅसला आधारचा ओटीपी कधीपासून लागतो?"

करमअलींनी हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीनं घड्याळाकडे पाहिलं. "चाचा, पटकन. दहाच मिनिटं चालतो तो," ती कुजबुजली. समाजमंदिरात कुजबूज फार छान घुमते.

"अब्बा, बाजूला कोण बाई हाय?"

"कोण न्हाय. तुझी अम्मी."

"अम्मीचा आवाज मी ओळखत न्हाय काय?" जिब्रानचा आवाज एकदम खाली आला. "अब्बा, ऐका. तुम्हाला कोणी धरून ठेवलंय का? बोलता येत नसंल तर बोलू नका. नुसते खोका."

समाजमंदिराला लागून मसाल्याची गिरणी आहे. मे महिना चालू होता, घराघरांचे वर्षाचे मसाले दळले जात होते, आणि नेमकी त्याच घटकेला कुणाची तरी पाच किलो मिरची आत पडली. करमअली खोकले. एकदा नाही, सात वेळा. मग हेमांगी खोकली. महेरुन्निसाबींनी पदर तोंडाला लावला, पण व्हायचं ते होऊन गेलं.

"या अल्ला! अम्मीला पण धरलंय!" जिब्रान ओरडला आणि फोन कट झाला.

"एक साधं खोटं बोलता येत न्हाय तुम्हाला," महेरुन्निसाबी डोळे पुसत कडाडल्या. "चाळीस वर्षं माझ्याशी बोललात, ती प्रॅक्टिस कुठं गेली?"

करमअलींनी पुन्हा फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. व्यस्त असणारच, कारण जिब्रान उझैरशी बोलत होता.

दहाव्या मिनिटाला, पायरीशी लावलेली चाचांची स्कूटर बघून, एक मोटारसायकल दारात थांबली. पुढे उझैर, मागे हवालदार गणराज. उझैरला पोलीस हवा होता, आणि सगळ्यात जवळची खाकी वर्दी नाक्यावर उभी होती. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, पण कायद्याला घाई होती. उझैरच्या हातातल्या फोनवर व्हिडिओमध्ये जिब्रानचा घामेजलेला चेहरा होता.

"लॅपटॉपपासून लांब हो!" उझैर गरजला.

"अरे मी हेमांगी! दहावीला तुझ्या बाजूच्या बाकावर व्हते!"

"म्हणून तर! हल्ली ओळखीचीच माणसं फसवतात."

हेमांगीनं गळ्यातलं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "विधी स्वयंसेविका. सरकारी."

"फ्रॉडवाल्यांकडं कार्ड असतंच. फी किती घेतेस?"

"काय न्हाय. फुकट."

"बघा साहेब!" उझैर विजयानं गणराजकडे वळला. "फुकट बोलते!"

गणराजचं लक्ष मात्र खुर्चीकडे गेलं होतं. "अहो चाचा, तुम्ही? तुमचं तर सकाळीच..."

करमअलींनी डोळा मारला. ऑपरेशन झालेला डोळा तो, मारायला गेले आणि मिटलाच.

"डोळ्यात काय गेलं काय?" गणराजनं काळजीनं विचारलं. तेवढ्यात त्याच्या कमरेचं मशीन पीप करून वाजलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! इथं रेंज हाय की!"

दोन सेकंदांत उझैरच्या फोनमधून, थेट दोहाहून, टिंग असा आवाज आला.

जिब्रानची मान खाली गेली. तो वाचत होता. एक वाजायला अजून सव्वा तास होता, पण मदतीला धावून आलेल्या माणसांनी तो वाचवला होता.

करमअलींनी सदऱ्याच्या खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "घेऊन जा रे उझैर. बोललो ते बोललो." मग त्यांना राहवलं नाही. "पण मना एक सांग जिब्रान, घरात बसून मी करू काय? तीस वर्षं मी पण परमुलुखात काढली. आता कुठं बायकोला मागं बसवून बंदरापर्यंत जातो. तेवढंच तर हाय माझं. ते पण तू घेतोस."

उझैरचा हात चावीकडे निघाला होता.

"थांब उझैर," फोनमधून आवाज आला. "अम्मी, चष्मा बदललास?"

महेरुन्निसाबी गोंधळल्या. "गेल्या महिन्यात. तुना कोणी सांगितलं?"

"चलानाच्या फोटोत दिसतोय. मना बोलली न्हाईस."

"त्यात काय बोलायचं?"

"तुम्ही कायच बोलत न्हाय!" जिब्रानचा आवाज चिरकला. "फोन केला की ‘सगळं बरं हाय, जेवलास?’ व्हिडिओ केला की अब्बा पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे बसतात, आणि तू कॅमेरा पंख्याकडं धरतेस. अकरा वर्षं मी पंखा बघतोय! तुम्ही खरे कसे दिसता ते मना चलान आलं की कळतं. पहिल्यात अब्बा बारीक झालेले. तिसऱ्यात तू कायतरी बोलतेस आणि अब्बा हसतायत. सगळे फोटो ठेवलेत मी. चार-पाच आठवडे चलान न्हाय आलं की झोप लागत न्हाय, बरे तर हायत ना म्हणून."

"मग गाडी द्यायची बोललास ते?" करमअलींनी हळूच विचारलं.

"भीतीनं बोललो, अब्बा. तुम्ही पडलात तर मी इथून किती वाजता पोचणार? गाडी ठेवा. पण हेल्मेट घालायचं. दोघांनी. कसम खावा."

दोघांनी कसम खाल्ली. महेरुन्निसाबी रडल्या, करमअलींनी उपरण्यानं तोंड पुसलं, गणराजनंही नाक ओढलं. गिरणी चालू होती, त्यामुळे सगळं मिरचीवर ढकलायची सोय होती. उझैर तेवढा कोरड्या डोळ्यांनी चावीकडे बघत होता. खरं दुःख त्यालाच झालं होतं.

"एक अडचण हाय," गणराज खाकरून म्हणाला. "हेल्मेट घातलं तर मी फोटो कशाला काढीन? गुन्ह्याशिवाय मशीन फोटो घेतच न्हाय."

दोहातला चेहरा पडला. महेरुन्निसाबींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू ही कसम त्यांनी एकट्यांनीच खाल्ली होती.

मग करमअलींनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि इतका वेळ टाळलेला फॉर्म स्वतःच हेमांगीपुढे सरकवला.

"पोरी, तू कायदा शिकलीस ना? मग मना सांग. हेल्मेट घालून, न पडता, नाक्यावर करता येईल असा बारकासा गुन्हा कुठला हाय?"

तीन महिन्यांत हेमांगीला कुणी कायद्याचा सरळ प्रश्न विचारला नव्हता. तिनं गणराजकडे पाहिलं. गणराज छताकडे बघत होता.

"चाची पण दिसायला पायजे का फोटोत?" पेनाचं टोपण काढत तिनं विचारलं.