नगाऱ्याचा ठोका डुलू लागला, त्याची हकीकत

श्वासदेवता प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, दोन घटका दिवस चढला ते समयी प्लीहेच्या ठाण्यातील फौजेने आपल्याच राज्यातील आतडेपेठ पुन्हा पेटविली. राज्य म्हणजे एक मनुष्यदेह; नाव लिहिण्याची परवानगी नाही. बाहेरून आलेला रोगरूपी शत्रू निघून गेल्यास सहा महिने झाले होते, परंतु लढाई संपल्याचा हुकूम फौजेस पोहोचला नव्हता, म्हणून ती दिसेल त्यावर पलिते टाकीत होती, आणि त्या धुराच्या आडोशाने गाठोबा नामे बंडखोर पेठेच्या कोपऱ्यात तटबंदी उभारीत होता. धूर न हटे तर पेठ गाठोबाची, हे उघड होते.

हुकूम पोहोचविणे हे काम निंबाजी जासुदाचे. वैद्य त्यास व्हेगस नस म्हणतात. मस्तकगडावरून उतरून गळ्याच्या घाटाने काळजाच्या चौकीस आणि तेथून पोटाकडे अशी त्याची फेरी. दहा बातम्यांतल्या आठ तो खालून वर नेई, दोनच वरून खाली आणी. परंतु अलीकडे श्वास आखूड झाला, घाट आवळला, आणि निंबाजी अर्ध्या वाटेतून परतू लागला. मग तो गडावर कारभारी त्रिंबकपंतांस मुजरा करून बोलिला, "पंत, पेठ जळते. फौजेस हुकूम द्या आणि मला वाट द्या." पंत म्हणाले, "कोठे काय बिघडले आहे? काळजाच्या चौकीवर धाकोजीचा नगारा ऐक. दोन ठोक्यांत केसाचा फरक नाही. काल मी त्यास शेला दिला." निंबाजीस हसू आले. "शेला परत मागा. नगारा सारखा वाजतो तो मी पोहोचत नाही म्हणून. मी चौकीवर असलो की श्वास आत येता ठोका पाऊल उचलतो आणि बाहेर जाता रेंगाळतो." पंत म्हणाले, "म्हणजे बेशिस्तीस बक्षीस द्यावे?" निंबाजी म्हणाला, "पंत, हे राज्य आहे, कवायत नव्हे."

पंतांनी राग गिळला आणि हुकूम सोडिला की, श्वास सावकाश घ्यावा, दुप्पट वेळ लावून सोडावा, आणि सोडताना ओठ मिटून गुणगुणावे. अकरा दिवस काही न घडले. धाकोजी खालून चौकीवरून विचारी, "काय जासूदबाबा, पालखी पाठवू?" बाराव्या दिवशी घाट गुणगुणला, निंबाजी चौकीवर येऊन ठेपला आणि नगारा रेंगाळला. धाकोजी घाबरून म्हणाला, "निंबाजी, हात चुकला रे माझा." निंबाजी म्हणाला, "चुकला नाही, शुद्धीवर आला. असाच ठेव." आणि तो तसाच पुढे प्लीहेस गेला. तेथे रायाजी ठाणेदार डोळे चोळीत म्हणाले, "सहा महिने वाट पाहतो आहे. माझ्या माणसांना लढाई संपली हे सांगणार कोण?" निंबाजी म्हणाला, "मी सांगतो. संपली. पलिते विझवा आणि जेवून घ्या." मग फौजेने पलिते पाण्यात बुडविले, आणि त्या दिवशी दीड भाकरी, मेथी व दही पेठेत उतरले, आणि पेठकऱ्यांनी ते कुरकुर न करिता वाटून घेतले, आणि बहुत महिन्यांनी पेठेत हसण्याचा आवाज झाला, आणि निंबाजी ती बातमी घेऊन वर धावला, तेव्हा पंतांनी ती दोनदा वाचून घेतली.

धूर हटला तसा गाठोबा उघडा पडला. शके १९४७, चैत्र शुद्ध दशमीस बाहेरील शस्त्रवैद्यांनी त्यास तटबंदीसह उचलून नेले.

तात्पर्य इतकेच की, निंबाजीने बंडखोर मारिला नाही. तशी बातमी कोणी देईल ती खोटी. त्याने आग आवरिली. जेथे ठोका डुलतो तेथे बंडानंतर राज्य अधिक दिवस नांदते, असे कित्येक दप्तरांत नमूद आहे. ते का, याचा निवाडा झालेला नाही. गाठोबाचा एखादा माणूस मागे लपून आहे किंवा कसे, हे पाहण्यास निंबाजी आज सकाळी निघाला. तो आतड्याचे दुसरे वळण ओलांडून गेला, येथवर खबर आहे.